कुठल्या पोटात?

आमच्या घराच्या भिंतींना पाच तोंडं आहेत. स्वयंपाकघरात एक, दोन्ही झोपायच्या खोल्यांत एकेक, बैठकीत एक आणि पाचवं शिवणाच्या खोलीत, मशीनच्या पायाशी. पितळी झाकणाखाली मनगट जाईल एवढं गोल भोक. झाकण उचललं की मागच्या कोठीत मोटर घरघरायला लागते आणि भोकातून हवा आत ओढली जाते. मग खुंटीवरची लांब रबरी नळी आणायची, भोकात खुपसायची आणि खोली साफ करायची. केर भिंतीतल्या पाइपांमधून पळत जातो आणि कोठीतल्या पत्र्याच्या टाकीत पडतो.

हे सगळं माझ्या सासऱ्यांनी घर बांधतानाच बसवलं. ते सूतगिरणीत फिटर होते. गिरणीत कापसाची धूळ असेच जाड पाइप ओढून घ्यायचे, ते त्यांनी रोज पाहिलं होतं. सासूबाई घरी शिवण करायच्या आणि त्यांना दमा. कापडाची कुसं आणि झाडूने उडालेली धूळ त्यांच्या छातीत बसायची, म्हणून या माणसाने भिंती पोकळ करून बायकोसाठी घरात लहानशी गिरणीच आणली. नावंही त्यांनीच ठेवली. भोक म्हणजे तोंड, नळी म्हणजे सोंड आणि टाकी म्हणजे पोट.

मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात माझं कानातलं हरवलं. जेवताना मी तसं म्हटलं, तर सासरे भात कालवत शांतपणे म्हणाले, "पोटात गेलं असणार. शनिवारी मिळेल." माझा घास हातातच राहिला आणि दुसरा हात आपोआप माझ्या पोटावर गेला. सगळे इतके हसले की सासऱ्यांना ठसका लागला. पुढची कितीतरी वर्षं पाहुण्यांना तो किस्सा सांगितला जायचा. हळूहळू मीही तो सांगायला लागले, आणि मलाही पोट म्हणजे टाकीच वाटायला लागली.

शनिवारी खरंच कानातलं मिळालं, कारण सासूबाई टाकीतला केर चाळल्याशिवाय टाकत नसत. नाका-तोंडाला फडकं बांधायचं, मागच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरायचं, आणि पीठ चाळायच्या जुन्या चाळणीतून मूठ-मूठ केर चाळायचा. टाचण्या, हुक, बटणं वेगवेगळ्या डब्यांत. धुळीने छाती भरेल म्हणून ज्यांच्यासाठी यंत्र बसवलं, त्याच बाई आठवड्यातून एकदा त्याच धुळीत बसायच्या. याला काय म्हणावं?

त्यांना आम्ही भागूबाई म्हणायचो. भित्री भागूबाई. सासऱ्यांनीच ते नाव पाडलं होतं, आणि त्याही त्याला ओ द्यायच्या. शेगडी बंद आहे ना हे पाहायला त्या अर्ध्या रस्त्यातून परत यायच्या. कात्री उघडी ठेवू द्यायच्या नाहीत. लिफ्टऐवजी चार मजले चढून डॉक्टरकडे जायच्या आणि वर पोचल्यावर डॉक्टर त्यांना दमा वाढलाय म्हणायचे. रोज काम संपलं की शिवणाच्या उशीतल्या टाचण्या मोजायच्या. चाळीस म्हणजे चाळीस. एकोणचाळीस भरल्या तर त्या रात्री कोणी अनवाणी चालायचं नाही. मी छापखान्यात मुद्रितं तपासते, दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर माझं पोट आहे, पण एवढा संशय मलाही जमला नसता. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," असं मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे.

त्या एवढ्या का घाबरतात हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. सोळाव्या वर्षी त्या एका शिंपीणबाईंकडे शिकायला जायच्या. शेजारी बसणारी मुलगी टाचण्या ओठांत धरून काम करायची, सगळ्याच करायच्या. यांनी काहीतरी विनोद केला आणि ती हसली. बस्स, एवढंच. त्या मुलीचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही, कारण दूध उतू जात होतं. पण त्यानंतर सासूबाईंनी जन्मात कधी टाचणी ओठांत धरली नाही, आणि काम करणाऱ्या माणसाला कधी हसवलं नाही.

सासरे गेले आणि यंत्राचे दिवस फिरले. ओढ निम्म्यावर आली. सांधे कुठेतरी सुटले होते, कुठे ते भिंतीलाच ठाऊक. मोटरचे भाग मिळेनात. सोंड एवढी जड की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायची म्हणजे अजगर ओढण्याचं काम, आणि कोठीची अर्धी जागा पोटाने अडवलेली. बाजारात हातात मावणारी, बिनतारेची यंत्रं आली होती. मी म्हणायचे, नाकापेक्षा मोती जड झालाय, काढून टाकू. सासूबाई म्हणायच्या, छोट्या यंत्राची धूळ मागून पुन्हा खोलीतच येते, याची घराबाहेर जाते. हे खरं होतं, पण मला ते ऐकायचं नव्हतं. नवरा दोघींना मान डोलवायचा.

शिवाय चिमी. माझी मुलगी, अडीच वर्षांची. तिला भिंतीला भरवायला आवडायचं. सासूबाई दोऱ्यांचे तुकडे तिच्या चिमटीत द्यायच्या, झाकण उचलायच्या आणि दोघी म्हणायच्या, "एक घास पोटाला." दोरा सुर्रकन नाहीसा व्हायचा आणि चिमी टाळ्या पिटायची. फक्त दोरे, आणि फक्त आजीच्या हातून, असा त्यांचा कडक नियम होता. मला तो खेळ आवडत नव्हता. उद्या माझी अंगठी भरवेल, असं मी म्हणाले होते. मी काढलेली सगळ्यात मोठी शंका एवढीच.

तर त्या दिवशी मी सुट्टी घेऊन पाइपवाल्याला बोलावलं. नवरा कामावर गेलेला. पाइपवाला नऊला आला, मधल्या वयाचा, मोजकं बोलणारा माणूस. तो थेट कोठीत गेला आणि तिथून आम्हाला ठोकाठोक ऐकू येत राहिली. सासूबाई त्याच्याशी बोलायला नको म्हणून मागे कपडे वाळत घालायला गेल्या. त्या रुसल्या होत्या.

मी स्वयंपाकघरात त्याच्यासाठी चहा टाकला आणि मग हातासरशी वजनकाट्यातला संपलेला सेल बदलला. चपटा, गोल, नाण्याएवढा, चकचकीत. नवा घातला. जुना कुठे टाकू म्हणून बघत असताना चहा वर आला, आणि मी सेल उजवीकडच्या खिडकीच्या बुटक्या कट्ट्यावर ठेवला, सासूबाईंच्या बटणांच्या डबीच्या झाकणात. फक्त मिनिटभर, असं मनात म्हटलं. हे सगळं मी नीट सांगते आहे, कारण त्यानंतर हॉस्पिटलमध्ये मला ते चार वेळा सांगावं लागलं आणि दर वेळी मला वाटत होतं की या खेपेला तरी मी तो कचऱ्यात टाकला असं निघेल.

पाइपवाला बैठकीत येऊन बसला, कागदावर घराचा नकाशा काढायला लागला. त्याचं म्हणणं, भिंती फोडू नका, तोंडं बुजवा, पाइप आत तसेच राहू द्या. नाहीतर मोटर नवी बसवा, जुन्या पाइपांना अजून वीस वर्षं मरण नाही. मी त्याच्याशी वाद घालत होते. तेवढ्यात चिमी आली आणि माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली.

"आई, बतण पोतात गेलं."

मी कागदावरून नजरही उचलली नाही. "गेलं का? शाब्बास," मी म्हटलं. "शहाणी माझी."

पाइपवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या. मी हसून त्याला आमच्या घरातला शब्द समजावला, वर लग्नानंतरचा तो कानातल्याचा किस्साही रंगवून सांगितला. तोही हसला. चिमी थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. मी तिला शाब्बास म्हटलं होतं. त्या एका शब्दाने माझ्या काळजाचं अजूनही पाणी होतं.

वीस मिनिटं गेली असतील. सासूबाई रिकामी बादली घेऊन आत आल्या. त्यांनी चिमीला बिस्किट दिलं. तिने ते तोंडाशी नेलं आणि परत दिलं. हनुवटीवरून लाळ गळत होती, फ्रॉकचा गळा ओला झाला होता. दाढा येत असतील, मी म्हटलं. सासूबाई खाली बसल्या, तिचं तोंड पुसलं, विचारलं काय झालं. चिमीने त्यांनाही तेच सांगितलं, बटण पोटात गेलं.

"कसलं बटण?" सासूबाईंनी विचारलं.

"चमचम."

सासूबाई उठून खिडकीपाशी गेल्या. त्यांच्या डबीत चकचकीत बटण एकही नव्हतं, गेले दोन महिने त्या शाळेचे पांढरे सदरे शिवत होत्या. त्यांनी मला हाक मारून विचारलं, तेव्हा कुठे मला सेल आठवला. मी गेले. झाकण रिकामं होतं. पोटात गेला तर गेला, शनिवारऐवजी आज चाळा, असं मी म्हणाले. बरं झालं, आपोआप कचऱ्यात गेला. सासूबाईंनी खुंटीवरची चाळणी काढली आणि कोठीकडे गेल्या. मी पाइपवाल्याकडे बघून डोळे मिचकावले. आमच्या भागूबाई, मी म्हटलं.

चाळणी फरशीवर पडल्याचा आवाज आला. गडगडत ती कोठीच्या दाराबाहेर आली आणि गोल फिरून आडवी झाली.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात मोटरची वायर होती, तिच्या टोकाला प्लग लोंबत होता.

"हा कधी काढला?" त्यांनी पाइपवाल्याला विचारलं.

"आल्या आल्या, आजी. मोटर उघडायची होती ना."

"म्हणजे नऊपासून यंत्र बंद आहे." त्या माझ्याकडे वळल्या. "अगं, आज ते घरघरलंच नाही. मग कुठल्या पोटात गेलं?"

मला अजून कळत नव्हतं. खरं सांगायचं तर कळलं होतं, पण मी ते कळू देत नव्हते. मी म्हटलं, यंत्र बंद असलं तरी तोंडात टाकला असेल, तिथेच पडला असेल. सासूबाई धावल्या. धावताना त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं. पाचही झाकणं उघडून त्यांनी भोकांत हात घातला, कोपरापर्यंत. पाइपवाल्याने बॅटरी मारून पाहिलं. पाचही तोंडं रिकामी होती. मी गुडघ्यांवर बसून चिमीला विचारलं, बाळा, कुठल्या पोटात, दाखव. तिने आपला फ्रॉक वर केला आणि बेंबीवर बोट ठेवलं.

पाइपवाला म्हणाला, गाडी दारात आहे, चला. एवढा गुणी माणूस, आणि मी त्याला घरातलं यंत्र उखडायला बोलावलं होतं.

गाडीत मागे पाइपांचे तुकडे आणि कोपरे होते, ते वळणावळणावर एका बाजूने दुसऱ्या बाजूला घसरत होते. मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, अगं, आई ना उगाच घाबरवते, नाणं गिळतात पोरं, दोन दिवसांत पडून जातं. सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला एवढंच सांगितलं की तू ये. मग त्यांनी हॉस्पिटलचा नंबर विचारून तिथेही फोन केला, शांत आवाजात सांगितलं, मुलगी अडीच वर्षांची आहे, सेल गिळलाय, तासाच्या आत, आम्ही पोचतो आहोत. त्यांचा आवाज एवढा स्थिर होता की मला त्याचीच भीती वाटली. चिमी माझ्या मांडीवर होती. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. ती सारखी मान पुढे काढून गिळायचा प्रयत्न करत होती, आणि प्रत्येक वेळी तिचे डोळे मोठे व्हायचे.

एक्स-रे मी पाहिला. काळ्या काचेवर तिच्या बारीक बरगड्या आणि त्यांच्या वर, गळ्याच्या खाली, पांढरी गोल चकती. कडेला आणखी एक बारीक रेघ. डॉक्टरीणबाईंनी त्या रेघेवर पेन ठेवलं. नाण्याला अशी दुहेरी कड नसते, त्या म्हणाल्या, हा सेलच आहे आणि तो पोटात गेलेलाच नाही, अन्ननलिकेत अडकलाय. ओल्या जागी तो नुसता बसत नाही, भाजत जातो. दोन तासांत भोक पडू शकतं. केव्हा गिळला? मी घड्याळाकडे पाहिलं. चहा वर आला तेव्हा किती वाजले होते ते मला सांगता येईना. साडेनऊ, सासूबाई म्हणाल्या, तुझा चहा वर येत होता तेव्हाच मी दुसरी बादली नेली होती. आता पावणेअकरा वाजले होते.

चिमीला आत नेलं. भूल द्यायच्या कागदावर मी सही केली, पण ती माझ्या सहीसारखी दिसत नव्हती.

बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. आम्ही दोघी बसलो. पाइपवाला थोडा लांब, भिंतीला टेकून उभा राहिला, जायला तयार नव्हता. दारावर लाल दिवा लागला. माझा जीव टांगणीला लागला होता हे म्हणणंसुद्धा फार सोपं आहे. मी मनात सारखी उजळणी करत होते, डावीकडे कचऱ्याचा डबा होता, उजवीकडे खिडकी. मी उजवीकडे वळले. दुसऱ्याच्या लिखाणातला एक चुकलेला काना मला दुरून दिसतो, आणि माझ्या मुलीने मला स्वच्छ शब्दांत जे सांगितलं ते मी चुकीचं वाचलं आणि पुढे सरकले.

सासूबाईंच्या हातांवर अजून भिंतीतली धूळ होती, कोपरापर्यंत. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला होता. मी त्यांच्या पिशवीतून दम्याचा फवारा काढून दिला. त्यांनी तो घेतला नाही, नुसता हातात धरून ठेवला.

"भिंतीला घास द्यायला मी शिकवलं तिला," त्या म्हणाल्या.

"सेल मी ठेवला होता, आई."

मग त्यांनी माझं मनगट धरलं.

"मला भीती वाटत नाहीये गं," त्या म्हणाल्या. "जन्मभर वाटली, आणि आता काहीच वाटत नाहीये. हे चांगलं लक्षण नाही ना?"

तोपर्यंत त्यांची सगळी भीती माझ्याकडे आली होती. माझे दात वाजत होते. भर दिवसा, बाहेर ऊन असताना, मी थंडी भरल्यासारखी कापत होते आणि ज्या बाईला मी आठ वर्षं भागूबाई म्हटलं तिला घट्ट धरून बसले होते.

दिवा बंद झाला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक छोटी पारदर्शक डबी होती आणि तिच्यात सेल. चकचकीतपणा गेला होता, एका बाजूने तो काळा पडला होता. जखम झाली आहे, पण वरवरची आहे, आरपार नाही, त्या म्हणाल्या. काही दिवस नळीने अन्न द्यावं लागेल. पुढे महिनाभर लक्ष ठेवावं लागेल, जखम भरताना नलिका आवळू शकते. मग त्यांनी विचारलं की लवकर लक्षात कसं आलं, लोक बहुधा संध्याकाळी येतात, उलटीत रक्त दिसल्यावर. मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. तोपर्यंत त्या फवारा तोंडाला लावून रडायला लागल्या होत्या, म्हणजे भीती त्यांच्याकडे परत आली होती, आणि माझ्या जिवात जीव आला.

चिमी नवव्या दिवशी घरी आली. आवाज घोगरा झाला होता, तो अजून थोडा तसाच आहे.

पाइपवाल्याने दोन आठवड्यांनी फोन केला, काय ठरलं म्हणून. नवरा म्हणाला, काढूनच टाकू, नको ती आठवण. सासूबाईंनीही मान डोलावली. ज्या यंत्रासाठी त्या माझ्याशी अबोला धरायच्या, त्याच्यासाठी त्यांनी एक शब्दही खर्च केला नाही. मीच म्हटलं, राहू द्या. नवी मोटर बसवा. माया वगैरे काही नाही. ते यंत्र निदान घरघरतं, चालू आहे की बंद हे सांगतं. त्या दिवशी ते गप्प होतं म्हणून आम्हाला कळलं. बाकीच्या गोष्टी गप्प असतात आणि गप्पच राहतात. मशीनपाशी असलेलं तोंड तेवढं बुजवलं. घासाचा खेळ संपला. आणि पोट हा शब्द टाकीसाठी वापरायचा नाही, असा मी नियम केला. टाकीला टाकी म्हणायचं. नवरा दोनदा चुकला, तेव्हा मी त्याच्यावर अशी ओरडले की तो जेवणावरून उठून गेला.

सासूबाईंचा दमा त्या दिवसापासून वाढला, म्हणून आता केर मी चाळते. शनिवारी नाही, रोज. छापखान्यातून आले की फडकं बांधते आणि मागच्या ओट्यावर बसते. परवा चाळणीत काहीतरी गोल, चपटं, चमकणारं आलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या घाईघाईने म्हणाल्या, "बटण आहे गं. माझ्या कोटाचं. कालच तुटलं." मी ते पाण्याने धुतलं. चार भोकं होती. बोट फिरवून मी ती चारही मोजली. बटणच होतं.

तरी मी चिमीला हाक मारली, आणि आतून तिच्या घोगऱ्या आवाजात "ओ" येईपर्यंत हातातलं खाली ठेवलं नाही.